कटर उशिरा का पडत होता

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहायला बसावं असा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं. रेशनकार्डाचा, दाखल्याचा, शिष्यवृत्तीचा. मी सातवीत गेलो तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं, आणि माझी सगळी मराठी त्या अर्जांतच तयार झाली. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कुणाला वाटेल की याला चार अक्षरं आली आणि लगेच हा आठवणी सांगायला लागला. तसं वाटलं तर मी वाद घालणार नाही. पण एका माणसाच्या हातावर माझ्यामुळे ठपका आला. तोंडाने सांगायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसलो, म्हणून आता लिहितोय. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आम्ही जुईनगरला राहतो, मूळचे मराठवाड्यातले. बाबा ठेकेदाराच्या हाताखाली बागेत माळीकाम करतात. शेवटच्या सत्रात कॉलेजने इंटर्नशिप सक्तीची केली होती, आणि मला सात माणसांच्या एका लहान कंपनीत जागा मिळाली. कारखान्यांतली मशीनं चालवणारे छोटे संगणक तिथे तयार व्हायचे. ज्या सरांच्या हाताखाली मला दिलं होतं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "रिअल-टाइम म्हणजे काय?"

"खूप फास्ट, सर."

"नाही. वेळेवर. फास्ट असो नसो. ठरलेल्या वेळी म्हणजे ठरलेल्या वेळीच. हजार वेळा बरोबर आलास आणि एकदा उशिरा आलास, तर तो एकदाच मोजायचा."

हे मी वहीत लिहून ठेवलं. वही अजून आहे.

आमचा एक संगणक तळोज्याच्या एका कारखान्यात बसवला होता. तिथे कपडे धुण्याच्या पावडरीचे पाऊच तयार व्हायचे. छापील प्लास्टिकचा मोठा रोल एका बाजूने आत जायचा. दर पाऊचच्या कडेला एक काळी खूण छापलेली असायची. सेन्सरला ती दिसली की संगणकाने कटरला हुकूम द्यायचा आणि कटर बरोबर दोन पाऊचच्या मधे पडायचा. आत लिनक्स नावाची सिस्टीम होती, वेळ पाळण्यासाठी खास तयार केलेली. ती सेकंदाला हजार वेळा उठून बघायची, खूण आली का. हजारांतली एखादी वेळ जरी पुढे ढकलली गेली, तरी तोवर प्लास्टिक पुढे सरकलेलं असायचं आणि पाऊच चुकीच्या जागी कापला जायचा. अशा उशिराला लेटन्सी म्हणतात. तो अचानक उसळला की आलेखावर सपाट गवतात एकच ताड उभा राहावा तसा दिसतो.

पाऊचवर पांढऱ्या साडीतल्या एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. कटर उशिरा पडला की तिचं कपाळ वरच्या पाऊचला जायचं.

मशीनवर जे ऑपरेटर होते त्यांना सगळे मामा म्हणायचे. जवळच्याच एका जुन्या गावातले, पन्नाशी उलटलेले. त्यांचे वडील मिठागरावर कामाला होते. मामा स्वतः मात्र पहिल्यापासून मशीनवरच. मी पहिल्यांदा बॅग घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इंजिनेर तू हायस?"

"अजून व्हायचोय, मामा."

"मंग बरा हाय. झालेले हाईत ते फोनवरच असतात." आणि टोपलीतून एक बिघडलेला पाऊच काढून माझ्या हातात दिला. "यो बग. बाईचा डोका उडवला. सकालधरनं नववी बाई."

बाजूला पॅकिंगला बसलेल्या मावशी हसल्या. त्या आमच्याच भागातल्या निघाल्या, परभणीकडच्या. मामांच्याच गावात एक खोली भाड्याने घेऊन राहायच्या. त्या दिवसापासून दुपारचा डबा मी त्यांच्याजवळ बसून खायला लागलो.

बिघाड काही नेहमी यायचा नाही. दिवसातून दहा वेळा, कधी वीस वेळा. ऑफिसात तसाच दुसरा संगणक मी दोन दिवस हात न लावता नुसता चालवून तपासला. एकही ताड उभा राहिला नाही. तळोज्यात मात्र राहायचा. म्हणून सरांनी मला तिथेच बसवलं. मी एकेक संशयित धरून सोडत गेलो. संगणक वीज वाचवायला मधेच डुलकी काढतो, ती डुलकी बंद केली. नेटवर्कचं काम प्रोसेसरच्या दुसऱ्या भागाकडे वळवलं. नको ती यूएसबीची भोकं बंद केली. सिस्टीमची जुनी आवृत्ती घालून पाहिली, मग नवी. प्रत्येक बदलानंतर एक दिवस थांबायचं आणि टोपलीतले पाऊच मोजायचे. प्रत्येक वेळी सकाळी वाटायचं की झालं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी टोपलीत एक कपाळ नसलेली बाई पडलेली असायची.

"आज कोनाला पकडलास?" मामा विचारायचे.

"नेटवर्कला."

"गरीब बिचारा. सोड त्याला. त्यानं नाय केला."

त्यांची काम करायची एक रीत होती, ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. रोलमध्ये मधेमधे जोड येतो. एक रोल संपला की दुसरा चिकटपट्टीने जोडलेला असतो. बहुतेक ऑपरेटर जोडाकडे लक्ष देत नाहीत. मशीन आहे त्या वेगात चालू ठेवतात आणि जोडाचे दोनचार पाऊच फेकून देतात. मामा तसं करत नसत. जोड यायच्या आधीच त्यांना कळायचं, आवाजावरून म्हणायचे. डावा हात मशीनच्या अंगावर ठेवायचे, उजव्या हाताने स्क्रीनवर वेग कमी करायचे, जोड अलगद जाऊ द्यायचे आणि परत वेग वाढवायचे. जोडापायी एकही पाऊच वाया जाऊ द्यायचे नाहीत. शिवाय प्लास्टिक जरा ताणलं, जरा सैल पडलं, की स्क्रीनला बोट लावायचे. दिवसभर त्यांचा हात मशीनवर असायचा.

आता माझी गोष्ट. या बिघाडाच्या आधी, इंटर्नशिपच्या पहिल्या महिन्यात, त्याच मशीनसाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. कारखान्याच्या शेठना मशीनचा स्क्रीन आपल्या मोबाइलवर बघायचा होता. दिवसातून एकदा नाही, तर ऑपरेटरने जेव्हा जेव्हा स्क्रीनला हात लावला तेव्हा. "कोण काय दाबतो ते मला कळायला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. कुणी बोट लावलं की माझा प्रोग्राम स्क्रीनचा फोटो काढायचा आणि शेठच्या फोनवर पाठवायचा. आयुष्यात मी लिहिलेलं काहीतरी पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं. शेठनी सरांना फोन करून माझं कौतुक केलं. मी ते घरी सांगितलं. आईने शिरा केला.

सुरुवातीला तो फोटो उशिरा पोचायचा. शेठची तक्रार आली. मी शोधलं तर कळलं की या सिस्टीममध्ये प्रत्येक कामाला एक नंबर देता येतो. नंबर जितका मोठा तितकं ते काम आधी. सगळ्यात मोठा नव्व्याण्णव. मी माझ्या प्रोग्रामला नव्व्याण्णव दिला. प्रोसेसरचा एक भाग महत्त्वाच्या कामासाठी राखून ठेवलेला होता, तिथेच त्याला बसवला. फोटो झटक्यात जायला लागले. कटरच्या कामाचा नंबर ऐंशी होता, आणि तेही त्याच राखीव भागात चालायचं, हे मी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला कळला नव्हता. माझं काम मागे राहू नये एवढंच डोक्यात होतं.

बिघाड सुरू झाला आणि मी सगळीकडे शोधलं, फक्त स्वतःच्या प्रोग्राममध्ये शोधलं नाही. तो चालत होता ना. त्याचं तर कौतुक झालं होतं.

तिसऱ्या आठवड्यात शेठ वैतागले. मशीनपाशी येऊन म्हणाले, "बॉस, इतके दिवस बसलायस, एक कागद तरी दे. कधी कधी होतंय ते तरी सांग."

ते माझ्याकडे होतं. प्रत्येक ताड किती वाजता उभा राहिला त्याची यादी मी ठेवली होती, सेकंदासकट. नीटनेटकी छापून दिली. मला वाटलं, निदान मन लावून काम करतोय हे तरी दिसेल.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला आणि मामांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी यादी होती आणि त्यांचा फोन. फोनमधले फोटो आणि यादीतल्या वेळा ते एकेक करून लावून दाखवायला लागले.

"दहा सतरा. फोटो कितीचा? दहा सतरा. अकरा चाळीस. हा बघा, अकरा चाळीस. मामा, हात कोणाचा आहे?"

मामा म्हणाले, "माजाच. जोड व्हता."

"दर वेळी जोड? तुम्ही हात लावला की कटर चुकतो. मी नाही म्हणत, ह्या पोराची सिस्टीम म्हणते. हे प्रूफ आहे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना पेशंट त्याच्याकडे बघतो तसं.

"खरा हाय काय रं?"

मी म्हणालो, "वेळा जुळतायत, मामा."

तेव्हा मला कारण माहीत नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण वेळा जुळणं आणि कारण सापडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं मला कॉलेजात शिकवलं होतं. ते वाक्य त्या केबिनमध्ये बोलायला हवं होतं. शेठसमोर मला ते बोलवलं नाही.

शेठ म्हणाले, "थोडे दिवस घरी आराम करा. वय झालं की हात थरथरतो, त्यात लाजायचं काय? टेन्शन घेऊ नका. बघू नंतर."

मामा उठले. दाराशी जाऊन त्यांनी आपला उजवा हात समोर धरला, पंजा उघडून, आणि थोडा वेळ बघत राहिले. हात थरथरत नव्हता. मी पाहिलं.

सोमवारपासून नवा ऑपरेटर आला. तरुण होता, कानात इअरफोन. जोड आला तरी स्क्रीनला हात लावायचा नाही. जोडाचे पाऊच सरळ फेकून द्यायचा. मंगळवारी टोपलीत एकच बिनकपाळाची बाई पडली. बुधवारी एकही नाही. शेठ खूष झाले. "माणूस बदलला आणि मशीन सुधारलं. बघ, तुमच्या सिस्टीममध्ये काही नव्हतंच." सरांनीही फोनवर सांगितलं, आवरून ये, क्लोज कर.

मी तर काहीच दुरुस्त केलं नव्हतं. मग बिघाड गेला कुठे? गुरुवारी सकाळी, निघायच्या आधी, मी ट्रेस चालू केला. ट्रेस म्हणजे प्रोसेसरवर कोण कधी आलं आणि कोण कधी उठलं याची नोंद. नव्या ऑपरेटरला म्हणालो, "जरा स्क्रीनला हात लाव ना. वेग थोडा कमी कर."

"कशाला?"

"बघायचंय."

त्याने बोट लावलं. मशीनने एक पाऊच कापला आणि बाईचं कपाळ गेलं. नोंदीत कटरचं काम जागं झालेलं दिसत होतं, तयार होऊन थांबलेलं. त्याच्या पुढे दुसरंच काम बसलं होतं आणि फोटो काढत होतं. त्या कामाला मी माझ्याच नावाची आद्याक्षरं दिली होती.

मावशी म्हणाल्या, "काय झालं रे? असा काय बसलास?"

"काही नाही, मावशी."

मी नव्व्याण्णव खोडून दहा केला आणि माझ्या प्रोग्रामला राखीव भागातून हलवला. एका मिनिटाचं काम. मग नव्या ऑपरेटरला परत बोट लावायला सांगितलं, वीस वेळा. आलेखावर एकही ताड उभा राहिला नाही.

तेव्हाच केबिनमध्ये जायचं होतं. मी दारापर्यंत गेलोही. आत शेठ कुणाशी तरी फोनवर बोलत होते. ते मोकळे होईपर्यंत थांबलो असतो तर झालं असतं. पण उभं राहिल्या राहिल्या मी विचार करायला लागलो. सरांची सही असलेलं सर्टिफिकेट अजून हातात यायचं होतं. इंटर्नशिप संपल्यावर तिथेच ठेवून घेऊ असं सर म्हणाले होते. बाबांनी बागेत येणाऱ्या लोकांना सांगून ठेवलं होतं, माझा मुलगा मशीनं दुरुस्त करतो. मी मागे वळलो. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'सिस्टीमच्या सेटिंगमध्ये बदल केला.' ते खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "सापडलं का रे?"

"सापडलं."

"कुणाची चूक होती?"

"सिस्टीमची."

"सिस्टीम म्हणजे कोण?" बाबांनी साधेपणाने विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी जेवायला बसलो.

सर्टिफिकेट मिळालं, परीक्षा झाली, नोकरीही तिथेच लागली. मधल्या काळात एका रविवारी मी मामांच्या गावापर्यंत गेलो होतो. बसमधून उतरलो, देवळाच्या कट्ट्यापर्यंत चालत गेलो. तिथे काही माणसं बसली होती. एकाने विचारलं, "कोनाकडं जायाचा हाय?" मला मामांचं नाव सांगता आलं असतं. मी म्हणालो, "चुकून आलो," आणि परत फिरलो. रस्त्यात घेतलेला बिस्किटाचा पुडा पिशवीतच राहिला.

पुढे कामासाठी परत त्याच कारखान्यात जावं लागलं. दुसऱ्या मशीनला संगणक बसवायचा होता. मावशींनी मला पाहिलं आणि डबा उघडायच्या आधीच सांगितलं, "मामा न्हावा शेव्याकडं कंटेनरच्या यार्डात बसायलेत. गेटावर. गाड्यांचे नंबर लिहून घेतात." मग म्हणाल्या, "मशीनला हात लावत नाहीत म्हणतात आता. घरच्या मिक्सरलाबी नाही. त्यांची बायको सांगत होती."

आम्ही डबे उघडले, पण मी माझा बाजूला सारला. मी मावशींना सगळं सांगितलं. नव्व्याण्णव, ऐंशी, फोटो, यादी. त्यांना त्यातलं किती कळलं माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे त्यांचा हात चांगला होता?"

"हो."

"आणि तुला ठाऊक होतं."

"हो."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मग माझ्यासमोर काय बसलास? जा की केबिनमधी."

मी गेलो. शेठनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ओरडतील, सरांना फोन करतील. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि कपाळ चोळलं. म्हणाले, "फोटो तर मीच मागितले होते." मग म्हणाले, "तो नवा पोरगा रोज किती जोड फेकतो, बघितलंस? मामा एक फेकायचे नाहीत. निरोप पाठव. म्हणावं, शेठ बोलावतायत. चूक आमची होती असं सांग. माझ्या नावाने सांग."

सरांना मी स्वतःच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहून एकच वाक्य म्हटलं, "ट्रेस पहिल्या दिवशी लावायचा असतो." आणि ते परत कामाला लागले. त्या दिवसापासून ते मला एकट्याला कुठे पाठवत नाहीत. बरोबरच आहे.

निरोप मी कागदावर लिहिला. अर्जासारखाच झाला. चूक माझ्या प्रोग्रामची होती, तुमच्या हाताची नव्हती, तुम्ही हात लावायचात तेव्हाच माझं काम मधे घुसायचं, असं जमेल तितक्या सोप्या शब्दांत लिहिलं. शेवटी 'क्षमस्व' लिहून सही केली. मावशी म्हणाल्या, मी वाचून दाखवते. मी सोबत येतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "आधी मी जाते. तुला बघून ते काही बोलणार नाहीत."

मग चार दिवस काही कळलं नाही. मावशी कामावरही आल्या नव्हत्या, मुलगी आजारी होती. मी दर तासाला फोन बघायचो. मनात चित्र तयार झालं होतं. मामा येणार, डावा हात मशीनवर ठेवणार, आणि मला विचारणार, आज कोनाला पकडलास. मी सांगणार, मला.

रविवारी दुपारी मी आईला धान्य निवडायला मदत करत होतो, तेव्हा मावशींचा फोन आला.

"दिलं रे तुझं पत्र," त्या म्हणाल्या. "दोनदा वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी."

"मग? कधी येतायत?"

"येत नाहीत म्हणायलेत."

"शेठवर राग आहे का?"

"राग नाही. कुणावरच नाही." मागे त्यांच्या मुलीच्या खोकल्याचा आवाज येत होता. "हसले ते. म्हणाले, पोरगा चांगला हाय. माज्यासाठी स्वतःवर घेतोय. त्याला सांग, असा खोटा लिवून नोकरी घालवू नको. हात माजा हाय, मला म्हाईत हाय तो गेला."